आजोबा बळकट की नातू?

पहाटे साडेपाचला परभणीबाहेरच्या रस्त्यांवर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी धावताना दिसतात. कडेच्या हॉटेलात चहा घेत बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींपैकी कुणीतरी म्हणतंच, "आमच्या वयात आम्ही ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन शिडीनं माळवदावर चढायचो. आताच्या पोरांत तो दम राहिला नाही." त्यावर पोरांचं उत्तरही ठरलेलं असतं, "आबा, तुमच्या वेळी माणसं तिशी-चाळिशीतच जायची. आम्ही बरे."

पूर्वीची माणसं जास्त निरोगी होती की आजची तरुण पोरं? हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. आबांच्या बोलण्यात तथ्य आहे आणि नातवाच्याही. पण दोघांच्याही हिशेबात एकेक चूक आहे. त्या दोन चुका सापडल्या की बाकीचं चित्र आपोआप उलगडतं.

१. बैल पारखताना

बाजारात लाल कंधारी किंवा देवणी बैल घेताना जाणता शेतकरी एकाच गोष्टीवर भुलत नाही. दात बघून वय ठरवतो, खांदा चाचपतो, खुरं उचलून बघतो, चार पावलं चालवतो. अंगानं भरलेला बैल चालीत लंगडा निघू शकतो, हे त्याला ठाऊक असतं.

पिढीची तब्येत पारखायची तर तसंच करावं लागतं. आपण पाच प्रश्न विचारू. जन्मलेलं लेकरू जगतं का? त्याचं अंग पुरतं वाढतं का? कामाला दम पुरतो का? आतून रोग लागलेला नाही ना? आणि मन थाऱ्यावर आहे का? पाचही उत्तरं एकाच बाजूला झुकतील असं धरून चालू नका.

२. दगडू, धोंडिबा आणि जगण्याचं गणित

गावातल्या जुन्या मतदारयाद्या चाळल्या तर दगडू, धोंडिबा, केरबा, उकिरडा अशी नावं भेटतात. आधीची दोन-तीन लेकरं गेलेल्या घरात पुढच्या बाळाचं नाव असं ठेवत. दगडाला, केराला कोण नेणार, ही त्यामागची वेडी आशा. त्या काळच्या बालमृत्यूंची याहून बोलकी नोंद कुठल्याच दप्तरात सापडणार नाही.

आज ऐंशीच्या घरात असलेले आजोबा निजामाच्या राज्यात जन्मले. १९४१ ते १९५१ या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षं होतं. नातवाची चूक इथेच होते. ३२ सरासरी म्हणजे माणसं बत्तिशीत मरत होती, असं तो समजतो.

एक सोपं उदाहरण घेऊ. एका वाड्यात १० लेकरं जन्मली. त्यातली ४ पहिल्या वाढदिवसाच्या आसपास गेली, म्हणजे चौघांची मिळून ४ वर्षं झाली. उरलेली ६ जण ५५ वर्षं जगली, त्यांची ३३० वर्षं. एकूण ३३४. दहांनी भागा, सरासरी आली ३३. पण तेहतिसाव्या वर्षी गेलेला माणूस या वाड्यात एकही नाही! सरासरी खाली ओढली ती पाळण्यातल्या मृत्यूंनी.

आता पुढचे आकडे पाहा. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर १००० बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. २०२० साली हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात तर १६ वर. देशाचं सरासरी आयुर्मान सत्तरीला पोचलं आणि महाराष्ट्राचं त्याच्याही थोडं पुढे गेलं.

हे घडलं कसं? पटकीची साथ आली की गावोगाव मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत. पटकीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार वाहून गेल्यानं. मीठ-साखरेचं योग्य मापाचं पाणी पाजलं तर तो वाचतो, हे १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हजारो रुग्णांवर दाखवून दिलं. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि ८ लाख लोक त्यानं मरत. तीही संख्या पुढे खूप घटली. लशी घरोघरी पोचल्या आणि देवीचा शेवटचा रुग्ण भारतात १९७५ साली आढळला. पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा.

नारूची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पायऱ्यांच्या बारवेत उतरून लोक पाणी भरत. त्या पाण्यातल्या बारीक पिसूसारख्या किड्यांत नारूची पिल्लं असत. ते पाणी प्यायल्यावर वर्षभरानं पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा कृमी बाहेर पडे. जळजळ थांबावी म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवी आणि कृमी पुन्हा त्याच पाण्यात पिल्लं सोडी. यावर ना लस होती ना औषध. पाणी फडक्यातून गाळणं, बारवेत उतरणं बंद करणं आणि हातपंप बसवणं, एवढ्यावर १९९६ नंतर हा रोग देशातून संपला आणि २००० साली तसं प्रमाणपत्र मिळालं.

नारू कुणाच्या दंडातल्या बेटकुळीनं हरला नाही. तो गावानं मिळून गाळलेल्या पाण्यानं हरला. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

३. जुनं खोड आणि डोळ्यांची फसगत

आता आबांची चूक. ते म्हणतात, "आमच्या पिढीची माणसं बघा, ऐंशीतही ताठ चालतात." खरं आहे. पण आपल्याला दिसतात ती कोण?

बांधावर आंब्याच्या शंभर कोया टाकल्या. काही उगवल्याच नाहीत, काही शेळ्यांनी खाल्ल्या, काही उन्हाळ्यात करपल्या. पन्नास वर्षांनी तिथं दोन डेरेदार झाडं उभी आहेत. ती बघून कुणी म्हणालं, "पूर्वीच्या कोयाच कणखर," तर आपण त्याला बाकीच्या अठ्ठ्याण्णव कोयांबद्दल विचारू.

हॉटेलातल्या बाकावर बसलेली म्हातारी मंडळी ही टिकलेली झाडं आहेत. आपल्या उदाहरणातल्या वाड्यातली चार भावंडं त्या बाकावर नाहीत. बाळंतपणात गेलेली बहीण नाही, क्षयानं गेलेला चुलत भाऊ नाही. जे टिकले ते काटक होतेच, त्यांचा मान राखू. पण त्यांच्यावरून साऱ्या पिढीची तब्येत ठरवता येत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर निःसंशय नातवाच्या बाजूनं आहे.

४. अंग किती वाढलं?

दुसरा प्रश्न उंचीचा. उंची रुबाबासाठी मोजायची नाही. पहिल्या काही वर्षांत लेकराला अन्न किती मिळालं आणि आजारानं त्याला किती पोखरलं, याची ती खूण असते. भोक पडलेल्या हंड्यात कितीही पाणी ओता, तो भरत नाही. वारंवार हगवण लागणाऱ्या लेकराचं अन्नही तसंच वाया जातं.

१८९६ आणि १९९६ साली जन्मलेल्या लोकांच्या उंचीची जगभर तुलना झाली. शंभर वर्षांत भारतीय पुरुषांची सरासरी उंची सुमारे ३ सेंटिमीटर वाढली, स्त्रियांची सुमारे ५. त्याच काळात दक्षिण कोरियातल्या स्त्रिया २० सेंटिमीटरनं उंच झाल्या. म्हणजे आपण वाढलो, पण वाढू शकलो असतो त्या मानानं फार थोडे.

मराठवाड्यात याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांना मिळालेली सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी अजून लोकांच्या आठवणीत आहे. आज तशी उपासमार नाही. तरी २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली. नातू आजोबांपेक्षा बोटभर उंच आहे, पण त्याची धाकटी भावंडं अजून पुरती वाढत नाहीत. दुसऱ्या प्रश्नात नातू पुढे आहे, पण थोडाच.

५. एका एकराची चाल

तिसरा प्रश्न दमाचा. इथे आबांचं ऐकायला हवं.

एक एकर म्हणजे सुमारे ४००० चौरस मीटर. बैलांच्या नांगराचं तास समजा २० सेंटिमीटर रुंद. मग एक एकर नांगरायला किती चालावं लागेल? ४००० ला ०.२ नं भागा. उत्तर येतं २०,००० मीटर, म्हणजे २० किलोमीटर! तेही ढेकळांतून, हातात रुमणं दाबून धरून. पाच एकर रान असेल तर फक्त नांगरटीला १०० किलोमीटर. वखरणी, पेरणी, कोळपणी त्याच्या वर. आजी त्याच दिवसांत नदीवरून १५ किलोचा हंडा डोक्यावर आणत होती आणि पहाटे जात्यावर दळत होती.

आज ट्रॅक्टर तेच काम तास-दीड तासात उरकतो. हे चांगलंच झालं, कारण त्या कष्टांनी आजी-आजोबांचे गुडघे आणि कंबर अकाली झिजवली होती. पण गेलेल्या चालीच्या जागी दुसरी चाल आली नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाचा अंदाज असा की पुरेशी हालचाल न करणारे प्रौढ भारतात २००० साली सुमारे २२ टक्के होते, ते २०२२ साली जवळपास ५० टक्के झाले. स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे.

मुलांच्या धावण्याचाही हिशेब झाला आहे. २८ देशांतल्या अडीच कोटी मुलांच्या १९६४ ते २०१० या काळातल्या नोंदी ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एकत्र केल्या. एक मैल धावायला आजच्या मुलांना तीस वर्षांपूर्वीच्या मुलांपेक्षा सुमारे दीड मिनिट जास्त लागतं, असं त्यांना दिसलं. पोलीस भरतीतली मुलांची १६०० मीटरची धाव म्हणजे जवळजवळ एक मैलच. तिथं दीड मिनिट म्हणजे काय, हे भरतीला उतरलेल्या कुणालाही विचारा. या नोंदी बहुतेक श्रीमंत देशांतल्या आहेत, पण मोबाईल आणि मोटारसायकल घेऊन आपण त्याच वाटेनं निघालो आहोत. पहाटे धावणारी ती पोरं गावात मूठभरच असतात, हेही विसरू नये. तिसरा प्रश्न आबांनी जिंकला.

६. बारीक अंगातली चरबी

चौथा प्रश्न आतल्या रोगाचा, आणि तो सगळ्यांत नाजूक आहे. आपल्याकडे साखरेचा रोग बारीक माणसालाही होतो. असं का?

याचं उत्तर शोधण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपला दोघांचा एक फोटो छापला. वजनाला उंचीच्या वर्गानं भागून जो आकडा येतो, त्यावरून माणूस जाड की बारीक ते ठरवतात. दोघांचा आकडा अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. वरून सारखेच दिसणारे दोन देह आतून किती वेगळे!

याचं मूळ गर्भात आहे. पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास झाला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंत फार कमी भरली, पण चरबीत त्या मानानं फार मागे नव्हती.

दुष्काळातलं घर आठवा. भांडी मोडतात, वासे विकतात, पण बियाणाच्या मडक्याला कुणी हात लावत नाही. आईच्या पोटात अन्न कमी पडलं की बाळाचं शरीर तसंच करतं. मेंदू आणि थोडी चरबी राखतं, काटकसर करतं ती स्नायूंत आणि स्वादुपिंडासारख्या अवयवांत. पुढे टंचाईच आली तर हा बेत कामाला येतो. पण पुढे आले बिस्किटांचे पुडे, थंड पेयं आणि बसून राहणं. टंचाईसाठी बांधलेल्या घरात अचानक पूर शिरावा, तसं झालं.

देशातल्या १० ते १९ वयाच्या मुलामुलींची २०१६ ते १८ मध्ये पाहणी झाली. शंभर मुलांची शाळा डोळ्यांपुढे आणा. त्यात २४ जण हडकुळे, ५ जण जास्त वजनाचे, २८ जणांच्या रक्तात हिमोग्लोबिनची कमतरता, आणि १० जणांची साखर आत्ताच धोक्याच्या उंबरठ्यावर. पोटाची भूक आणि साखरेचा रोग एकाच वर्गात शेजारी बसले आहेत. २०२३ च्या मोठ्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे.

तुमची परीक्षा घरीच करून बघा. आपल्याकडे मुलं कमरेला करदोडा बांधतात, तसाच एक दोरा घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत मापून तो तोडा आणि मधोमध दुमडा. दुमडलेला दोरा बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती पुरला तर ठीक. पुरला नाही तर वजनकाटा काहीही सांगो, चरबी पोटात साठू लागली आहे.

ताटाचाही हिशेब करा. एका कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. दिवसाला पाच चहा झाले तर ५० ग्रॅम, महिन्याला दीड किलो. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढ माणसासाठी सांगितलेली दिवसाची कमाल मर्यादा साधारण एवढीच आहे, आणि ती नुसत्या चहातच संपली. आजोबांच्या ताटात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी आणि करडीचं तेल होतं. ते ताट उत्तम होतं, फक्त ते कित्येकदा रिकामं असायचं. आजचं ताट भरलेलं आहे, पण त्यातून भाजी आणि डाळ मागे सरली. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या सहभागातून २०१८ साली 'परभणी शक्ती' ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी आली. औषधाच्या गोळीत शोधतो ते आपल्याच शेतात पिकू शकतं.

७. आईचं वय किती?

आता धागा घरच्या दाराशी येतो. बाळाचं शरीर आईच्या पोटात ठरत असेल, तर त्या आईचं वय किती असतं?

२०१९ ते २१ च्या त्याच राष्ट्रीय पाहणीत २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांना लग्नाचं वय विचारलं होतं. अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के निघाल्या. परभणी जिल्ह्यात ४८ टक्के. राज्यातल्या साऱ्या जिल्ह्यांत हा आकडा सर्वांत मोठा होता. आपल्या जिल्ह्यातली जवळपास प्रत्येक दुसरी मुलगी!

सतरा वर्षांच्या मुलीची स्वतःची हाडं अजून वाढत असतात. त्यात पोटात बाळ आलं की एका ताटाला दोन वाढती शरीरं लागतात. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ४८ टक्के होतं, म्हणजे ते वाढलं. अशा आईचं बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका मोठा. ती मुलगी असेल तर तीही खुजी वाढते, तिचंही लग्न लवकर होतं, आणि फेरा पुन्हा सुरू होतो. आजचा तरुण चाळिशीत साखरेच्या गोळ्या घेऊ लागतो, त्याची सुरुवात कित्येकदा त्याच्या आईच्या लवकर लागलेल्या हळदीत असते.

आई-बापांना नुसता दोष देऊन हे सुटणार नाही. दिवाळीच्या सुमारास कित्येक गावांतून आणि तांड्यांवरून कुटुंबं ऊसतोडीला जातात. तिथं मजुरीचा हिशेब 'कोयत्या'वर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर होतो. वयात आलेली पोर गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची? सातवीनंतरची शाळा लांब असेल तर रोज पाठवायची कशी? या भीतीतून लग्नं ठरतात. म्हणून जवळची माध्यमिक शाळा, मुलींचं वसतिगृह आणि वेळेवर येणारी एसटी ही आरोग्याचीच कामं आहेत.

८. मन आणि रस्ता

पाचवा प्रश्न मनाचा. आजोबांच्या पिढीचं मन कुणी मोजलंच नाही, म्हणून तुलना करणं न्यायाचं होणार नाही. आजचं मात्र मोजलेलं आहे. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि सर्वांत जास्त, २२,७४६, महाराष्ट्रात. त्याच वर्षी रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली दर तिघांमागे दोघं १८ ते ४५ वयाची होती. देवी आणि पटकीच्या तावडीतून सुटलेली पिढी कर्ज, भरतीतलं अपयश, एकटेपणा आणि हेल्मेटविना मोटारसायकल यांच्या तावडीत सापडते आहे. मन खचलं तर १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर कुठल्याही वेळी फुकट आणि मराठीत बोलता येतं. ताप आल्यावर दवाखान्यात जातो, तितक्याच सहजपणे हा फोन लावावा.

९. निकाल

मग बळकट कोण? जगण्यात नातू फार पुढे आहे. उंचीत थोडा पुढे. दमात आजोबा सरस. आतल्या रोगांत नातवाला असा धोका आहे जो आजोबांना तरुणपणी क्वचितच होता. मनाच्या बाबतीत तुलना नको, काळजी हवी. एका वाक्यात सांगायचं तर आजची पिढी जास्त जगते, पण तेवढी निरोगी जगेलच याची हमी नाही.

आता नारूकडे परत येऊ. आजवर तब्येतीत जे कमावलं ते लसीनं, गाळलेल्या पाण्यानं, रेशनच्या धान्यानं आणि दवाखान्यातल्या बाळंतपणानं, म्हणजे सगळ्यांनी मिळून कमावलं. पुढची कमाईही तशीच होईल. रोज अर्धा-पाऊण तास दम लागेल असं चाला, चहातली साखर निम्मी करा, जेवणाला लागून चहा घेऊ नका, कारण तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी मुलीनं दर आठवड्याला घेतली का, ते विचारा. आणि गल्लीत अठराच्या आतल्या मुलीची हळद लागते आहे असं कळलं, तर १०९८ वर फोन करा. परभणी जिल्ह्याच्या पुढच्या पिढीची तब्येत आज आठवीत-नववीत शिकणाऱ्या मुलींच्या हाती आहे. त्यांना शाळेत राहू द्या.